हौसेरावांचा कान

शिरवण्याच्या गल्लीत हौसेराव घाडग्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, तर दोन गाड्या अंग चोरून उभ्या राहतील एवढी शेड. नवीकोरी गाडी तिथं कुणी आणत नाही. येतात त्या सगळ्या वयस्कर गाड्या, ज्यांच्या मालकांना सोसायटीतले लोक "आता काढा की ही" म्हणून येता-जाता सुनावत असतात. हौसेराव असं कधी म्हणत नाहीत. बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि गप्प उभं राहून ऐकायचं, ही त्यांची रीत. तेवढा वेळ कुणी तोंड उघडलेलं त्यांना खपत नाही, मग तो गाडीचा मालक का असेना.

माणूस मूळचा कोरेगावकडचा. पोरवयात तुर्भ्याला आला आणि ट्रकांच्या गॅरेजात राबला. कॉम्प्रेसर, हातोडे आणि डिझेल इंजिनं यांच्या ठणठणाटात तो सगळं काम शिकला. जुन्या गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की आजकाल सगळे स्कॅनर लावतात. हौसेरावही लावतात, पण पाहुण्याला बसायला सांगावं तसा, रीत म्हणून. खरा भरवसा कानावर. गाडीचं म्हणणं साधं असतं. इंजिनात जाणारी हवा फिल्टरमधून मोजून जाते. एखादा जुना रबरी पाइप कडक होऊन तडकला, की न मोजलेली हवा चोरवाटेनं आत शिरते. मग गाडीचा हिशोब चुकतो, उभ्या जागी इंजिन वरखाली होतं आणि दिवा लागतो. ती चोरटी हवा शिरताना बारीक "सूऽऽ" करते. हौसेराव हातभर नळी घ्यायचे, एक टोक कानाला लावायचे, दुसरं इंजिनावरून फिरवायचे आणि चोर पकडायचे. बाकीचे मेकॅनिक साबणाचं पाणी फवारून गळती शोधतात म्हटलं की त्यांना हसू फुटायचं. "गाडी धुवायला आनलीय का बघायला?" असं विचारायचे. गर्व होता, नाही कशाला म्हणायचं. पण तो त्यांना शोभायचाही.

गेल्या वर्षभरात मात्र काहीतरी बिनसलं होतं, आणि हौसेरावांनी त्याचा दोष सगळ्या जगाला वाटून टाकला होता. मोबाइलवाल्यांनी रिंग बारीक केली म्हणे. घड्याळाच्या गजरात दम राहिला नाही म्हणे. शिरवण्यातले डास कमी झाले म्हणून तर त्यांनी चहाच्या टपरीवर महापालिकेचं तोंड भरून कौतुक केलं, हात खाजवत खाजवत. त्यांची बायको विजयमाला हे सगळं बघत होती. गॅरेजच्या मागेच घर, त्यामुळं तिचं निम्मं लक्ष शेडमध्ये. फोन वाजला की ती "आवं, फोन" म्हणायची, बेल वाजली की स्वतःच उठायची. पण कधी एका शब्दानं विचारलं नाही. ज्या कानावर सगळा संसार उभा राहिला, त्याची चौकशी करायला तिची जीभ रेटत नव्हती.

अशात एक दिवस नंदिनी सबनीस आल्या. नेरुळच्या, शाळेत शिकवणाऱ्या; त्यांची गाडी हौसेरावांच्याच हाताखाली म्हातारी झालेली. दिवा लागला होता. स्कॅनर म्हणाला, इंजिनात हवा जास्त होतेय. म्हणजे कुठंतरी चोरवाट असणार, हे हौसेरावांना तोंडपाठ. त्यांनी नळी कानाला लावली, सगळं इंजिन फिरून आले, पुन्हा फिरून आले. आवाज कुठंच नाही. मग ठामपणे म्हणाले, "पाइप सगळे ओके हायत, मॅडम. हवा मोजायचा सेन्सर गेलाय." सेन्सर बदलला, दिवा विझवला, आणि नंदिनीताई आभार मानून गेल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या परत आल्या, त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यानं.

"हौसेराव, तुर्भ्याच्या पुलावर गाडी बंद पडता पडता राहिली. पुढचा टेम्पो थांबला म्हणून ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखं! मी अक्षरशः उभी राहिले त्याच्यावर. मागच्या सीटवर आई होती माझी."

इंजिन हवा ओढतं, त्याच ओढीवर ब्रेकला जोर मिळतो. तिथं गळती असेल तर दिवा लागतो तो लागतोच, शिवाय पाय रेटूनही गाडी वेळेवर थांबत नाही. आणि अशी गाडी आपण "ओके" म्हणून सोडली!

त्यांनी घाईघाईनं नळी लावली. काही नाही. जन्मभर ज्याला हसले ते साबणाचं पाणीही फवारलं, पण ती ओढ ब्रेककडं नेणारा रबरी पाइप इंजिनाच्या मागं खाली वळलेला, तिथं फवारा पोचेना. पाइप तडकलाय, की ब्रेकला जोर देणारा डबाच फुटलाय, की आणखी काही? अंदाजानं एक सेन्सर बदलून झाला होता. आता अंदाजानं काही बदलायची त्यांची छाती होईना.

"येतंय का काही ऐकू?" नंदिनीताईंनी विचारलं. त्यांनी आपलं सहज विचारलं होतं.

हौसेराव ताठ झाले. नळी कानावरून काढली. मग घराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "विजू!"

गिऱ्हाइकासमोर त्यांनी बायकोला या नावानं कधी हाक मारली नव्हती. ती ओल्या हातांनीच धावत आली.

"हे कानाला लाव."

"मी?"

"मला न्हाय येत ऐकू." एवढं म्हणून ते नंदिनीताईंकडं वळले. "मॅडम, मागल्या बारीलाबी आलं न्हवतं. मला आलं न्हाय म्हंजी ते न्हाईच, असं धरून चाललो मी. सेन्सर चांगला हुता. चूक माझी हाय."

नंदिनीताईंना राग आलाच. तो त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. पण हौसेराव नळी बायकोच्या हातात देऊन पुन्हा इंजिनावर वाकले होते. "आधी गाडी बघा," त्या म्हणाल्या, आणि एक पाऊल मागं सरकल्या.

विजयमालानं पदर खोचला आणि नळी कानाला लावली. दुसरं टोक हौसेरावांनी धरलं आणि सावकाश फिरवू लागले.

"हितं?"

"न्हाय. नुसती घरघर."

"हितं?"

"न्हाय."

त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि टोक पार मागं, खाली नेलं. विजयमालाच्या भुवया वर गेल्या.

"थांबा! हितं हाय. लई बारीक. कुकरची रिंग गेली की येतो बगा, तसा आवाज."

हौसेरावांनी टॉर्च मारली. पाइपाच्या वळणावर, खालच्या अंगाला, नखाएवढी चीर होती. त्यांना हायसं वाटलं, आणि त्याच दमात रडूही आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

विजयमालानं नळी त्यांच्या कानाला लावली. "आता?"

त्यांनी जीव एकवटून ऐकलं. नाही म्हणून मान हलवली.

तिनं नळी परत घेतली. मग त्यांचा ग्रीसनं माखलेला हात धरून बोट त्या चिरेवर नेऊन टेकवलं. हवेनं बोटाची कातडी आत ओढली. इंजिनाची धडधड बसली, ते एकसारखं चालू लागलं.

"गेला आवाज," ती म्हणाली.

त्यांनी बोट उचललं.

"आला."

पुन्हा ठेवलं.

"गेला."

नवा पाइप आणायला निघायच्या आधी ते दोघं बराच वेळ तसेच बॉनेटवर वाकून राहिले, आणि नंदिनीताईंनी त्यांना घाई केली नाही.