काहिलीची मागची बाजू

शिरोळला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, खोलीच ती. आत एक टेबल, एक फळी आणि मी. माणूस मी तापट. गिऱ्हाईक "जरा बघा की" म्हणालं की माझं डोकं फिरायचं, कारण मी बघतच असायचो. पण हाताला गुण होता, म्हणून लोक माझं तोंड खपवून घ्यायचे.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बोटीवर नोकरीला होते. सुट्टीवर येताना ते हमखास असलं काहीतरी घेऊन यायचे, ज्याचा आमच्या तालुक्यात कुणालाच काडीचा उपयोग नाही. मोठा पूर येऊन गेला त्या वर्षी, दिवाळीनंतर, त्यांनी मासे शोधायचं यंत्र आणलं. एक छोटा पडदा, आणि लांब वायरीच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा काळा सेन्सर. सेन्सर पाण्यात बुडवायचा, तो खाली आवाज सोडतो, आवाज तळावर आपटून परत येतो आणि पडद्यावर तळ, दगड, मासे सगळं उमटतं. धरणावर जाऊन बोटीला लावू म्हणाले. मग सुट्टी संपली, दाजी गेले आणि खोकं माझ्या फळीवर राहिलं.

एक दिवस माझे चुलते दुकानात आले. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. खोकं काय आहे ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. बराच वेळ खोक्यावरचं चित्र बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात मोटर दिसंल का रं?"

कुठली मोटर, हे मला विचारावं लागलं नाही. सगळ्या गावाला ठाऊक होती ती.

नदीकाठी दहा घरांत मिळून एक पाण्याची मोटर होती, उसाला पाणी पाजायची. लोखंडी चौकटीवर बसवलेली, अवजड. नदी चढू लागली की ती खोलून, ओढून वर आणायची, हा दर पावसाळ्याचा रिवाज, आणि ती जबाबदारी तात्यांवर होती. त्या वर्षी पाणी चढायला लागलं तेव्हा शेजारचे आबा, दहा घरांतले सगळ्यात वडील, दोनदा येऊन सांगून गेले, मोटर काढ वर. तात्या म्हणाले, "घाटाच्या ह्या पायरीच्या वर पाणी येत न्हाय. तीस वर्सं बघतोय मी नदी." उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी पायरीच काय, नदीची कडच तुटून गेली आणि मोटर चौकटीसकट पाण्यात. पूर ओसरल्यावर दोन दिवस गळ टाकून शोधली, मिळाली नाही. मग खालच्या बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले, पाणी तुंबलं आणि शोध थांबला. तेव्हापासून दहा घरं दुसऱ्याची मागून आणलेली छोटी मोटर चालवत होती. सगळ्यांच्या पाण्याच्या पाळ्या निम्म्यावर आल्या, ऊस पिवळा पडायला लागला.

आता आमच्याकडं असल्या प्रसंगाला काय होतं? आधी शिव्या, मग भांडण, मग चार दिवसांनी चहा. इथं तसलं काहीच झालं नाही. तात्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. चहाच्या टपरीवर ते गेले की बाकावरचे लोक सरकून जागा द्यायचे, "बसा" म्हणायचे, आणि गप्प व्हायचे. आबा तर तात्यांच्या लहानपणापासून त्यांना रोज काही ना काही बोलणारे. तेही आता नुसते मान हलवून पुढं जायचे. पाच महिने हे चाललं होतं. तात्यांचं जेवण तुटलं होतं, हे काकूंनीच मला सांगितलं होतं.

म्हणून मी म्हटलं, "दिसंल की. न दिसायला काय झालं."

आता बोट कुठून आणायची? तात्यांच्या गुऱ्हाळामागं जुनी काहील पालथी पडली होती. उसाचा रस आटवून गूळ करायची ती भली थोरली लोखंडी कढई, चार-पाच माणसं सहज बसतील एवढी. आमच्याकडं पुरात तीच नाव. माणसं, शेळ्या, पोस्टमन, सगळे काहिलीतनंच पलीकडं गेलेले आहेत.

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. मी ती वाचली, म्हणजे जेवढी कळली तेवढी वाचली. पहिलंच वाक्य होतं, सेन्सर नावेच्या मागच्या बाजूला बसवा. मी काहिलीभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी मारली.

"काय हुडकालाईस?" तात्यांनी विचारलं.

"मागची बाजू."

तात्यांनी पण एक चक्कर मारली. "तू बसशील ती मागची," ते म्हणाले. मी खडूनं एका जागी फुली मारली आणि ड्रिल मशीन काढलं. तेवढ्यात काकू आल्या.

"भोक पाडणार हायस व्हय काहिलीला?"

"चार बारकी भोकं, काकू. स्क्रूची."

"आणि फुडच्या पुरात त्यातनं कुणाला नेणार? तुझ्या सासूला?"

ड्रिल मशीन पिशवीत गेलं. पुस्तिकेत दुसरीही एक रीत होती. सेन्सर नावेच्या आतल्या बाजूनं तळाला चिकटवायचा, मधे हवा राहू द्यायची नाही, आवाज तळातून आरपार जातो. छान. पण चिकटवायला काय? माझ्याकडचा डिंक कागद चिकटवायचा. तात्या म्हणाले, समोर रस उकळतोय, गुळासारखं घट्ट बसणारं दुनियेत काय आहे? मला ते पटलं, याची आजही लाज वाटते. पाकाला चांगली तार आल्यावर आम्ही पळीभर ओतला, त्यात सेन्सर दाबला. थंड झाल्यावर तात्यांनी ओढून बघितला, हलला नाही. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसले असतील ते.

सकाळी ट्रॉलीतून काहील नदीवर नेली. पाण्यात सोडून मधे गेलो आणि मग कळलं की आमच्याबरोबर मुंगळे पण आले आहेत. पाच-पंचवीस नव्हे, अख्खं वऱ्हाड. रात्रीत गुळाला लागले होते. मी एका हातात पडदा धरलेला, दुसऱ्या हातानं पाय खाजवतोय. त्यात काहील गोल, तिला पुढं नाही मागं नाही, वल्हं मारलं की जागच्या जागी गरगर फिरायची. माझ्या डोक्यात चक्कर, पायाला मुंगळे, आणि पडद्यावर काळ्या पट्ट्याशिवाय काही नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी यंत्राला, दाजींना, मुंगळ्यांना, जे तोंडात येईल ते बोललो.

तात्या वल्हं मांडीवर ठेवून बसले होते. "दिसत न्हाय नव्हं?" एवढंच म्हणाले. रागावून नव्हे, सवय झाल्यासारखं. माझा सगळा राग तिथंच मावळला आणि मला स्वतःचीच शरम वाटली.

त्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि पुस्तिका शब्द लावत पुन्हा वाचली. आतून चिकटवायची रीत होती फायबरच्या नावेसाठी. लोखंडातून आवाज जात नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी तो शब्दच गाळला होता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी काकूंनीच तोड काढली. काहिलीतला रस ढवळायचा लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला सेन्सर बांधा आणि काठावरून पाण्यात उभा धरा, म्हणाल्या. साधी गोष्ट. आम्हा दोघा शहाण्यांना सुचली नव्हती. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सेन्सर आवळला, तोंड बरोबर खाली. ट्रॅक्टरची बॅटरी पायाशी ठेवली. आणि काहील फिरू नये म्हणून तिच्या दोन कड्यांना दोर बांधून तो काठावरच्या बाभळीला एक वेढा देऊन काकूंच्या हातात दिला. काकू दोर सोडतील तसतशी काहील खुंट्याच्या बैलासारखी बाभळीभोवती अर्धगोलात फिरायची, थोडी थोडी लांब.

पडदा उजळला आणि त्यावर तळाची रेघ आली, स्पष्ट. खोली पंधरा फूट. मी ओरडलोच. मग एकापाठोपाठ माशांची चित्रं यायला लागली.

"मासंच दावतंय की हे," तात्या म्हणाले.

"माशाचंच यंत्र हाय तात्या. धीर धरा."

तेवढ्यात आबा म्हैस धुवायला आले. आमच्याकडं एक नजर टाकली आणि पाठ करून कडेला बसले. तात्यांनी त्यांना पाहिलं आणि मान खाली घातली.

पहिला उंचवटा दिसला तिथं तात्यांनी बुडी मारली. थंडीचे दिवस, पाणी बर्फ. वर आले ते हातात बाभळीची फांदी घेऊन. तळाला झाडाचा बुंधा होता. आबांची पाठ जराशी हलली, हसले की खोकले कळलं नाही. काकूंनी आणखी दोन हात दोर सोडला. काहील सरकली, आणि रेघेवर एक टेंगूळ आलं, एका बाजूनं सरळ कापल्यासारखं. झाडाचा बुंधा असा सरळ नसतो. मी तात्यांना पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

तात्या पुन्हा खाली गेले. लवकर वर येईनात. मी काहिलीच्या काठाला धरून मोजत होतो आणि आकडे चुकत होतो. अखेर डोकं वर आलं, केसांत चिखल, ओठ काळेनिळे.

"चौकट हाय," ते म्हणाले. "हाताला लागली."

दुसरा जाड दोर घेऊन ते परत गेले आणि चौकटीला बांधून आले. मी दोराचं टोक घेऊन काहील काठाला लावली, काकू आणि मी ओढायला लागलो. कसचं काय, चिखलात रुतलेली मोटर इंचभर हलेना. काकूंच्या हातांची सालं निघाली. तात्या काठाजवळ गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून दोर ओढत होते.

मग आबा उठले. म्हैस तशीच पाण्यात सोडली, धोतर खोचलं, वरच्या रानाकडं तोंड करून अशी हाळी दिली की पलीकडच्या काठाला ऐकू गेली असेल. रानातनं माणसं आली, त्या दहा घरांतलीच. कुणी काही विचारलं नाही. आबांनी सगळ्यांत पुढं दोर धरला, आम्ही सगळे त्यांच्या मागं लागलो. तीन हिसक्यांत चिखलानं सोडलं. मोटर आली ती शेवाळलेली, गाळानं भरलेली, आत दोन खेकडे घेऊन. आतल्या तारेचं वायंडिंग नवं भरावं लागणार हे दिसतच होतं. पण आली.

आबांनी मोटरीवर हात ठेवला आणि पाण्यात उभ्या तात्यांकडं वळले.

"तवाच म्हनलं हुतं का न्हाय, काढ वर म्हणून? दोनदा आलतो. ऐकलास का माझं? तीस वर्सं नदी बघतोय म्हनं. माझी म्हस बी बघतीया की रोज नदी, तिला इचारायचं हुतंस. शेंबडं पोरगं हुतास तवापास्नं सांगतोय, कुणाचं चार शब्द ऐकत जा. एवढी दहा घरं तुझ्या भरवशावर, आणि तू पायऱ्या मोजत बसलास..."

आबा बोलत होते. पाच महिन्यांचं साठलेलं, थांबायचं नाव नाही. तात्या काठावर यायचं विसरून थंड पाण्यात कुडकुडत ऐकत होते आणि मधेमधे "व्हय की, व्हय की" म्हणत होते. तोंडावरून ओघळत होतं ते नुसतं नदीचं पाणी नव्हतं.

आबांना धाप लागली. ते मोटरीला टेकून दम घ्यायला लागले.

"थांबलासा का?" तात्या पाण्यातनंच म्हणाले. "बोला की आजून."