लाल रेषेच्या आत

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान टीव्हीच्या वाहिनीत आवाजाचं काम करतात. म्हणजे गाणं-बिणं नाही. मालिका, बातम्या, जाहिराती, सगळ्यांचा आवाज घरोघरी एकसारखा पोचावा, जाहिरात लागली की माणसाने रिमोटवर झडप घालू नये, म्हणून दिवसभर आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघत बसायचं. फार हळू असेल ते वर ओढायचं, फार मोठं असेल ते खाली दाबायचं. काटा लाल रेषेपलीकडे गेला की आवाज फाटतो आणि फाइल परत येते. भावजींची एकही फाइल कधी परत आली नाही म्हणे. ऑफिसात त्यांना काटेसाहेब म्हणतात, आणि या माणसाला त्याचा अभिमान!

अशा माणसाच्या गळ्यात आमची बहीण पडली. तिचं हसणं काय सांगू! जिन्यात हसली की वरच्या मजल्यावरची माणसं दार उघडून विचारायची, काय झालं? भावजी जेवता जेवता म्हणायचे, "अगं, हळू!" की ही आणखीच हसायची. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. काही दिवसांनी ती नवऱ्याला म्हणाली, "तुमचा तो चांगला माइक आणा. लेकीला दिवस गेलेत. आजी कशी हसायची, ते नातवंडाला कळू दे."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भावजींनी माइक आणला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फ्रिजसुद्धा बंद केला. मी समोरच बसले होते. बहिणीने लेकीच्या लहानपणची गोष्ट सांगितली: पोर कपाटात लपून तिथेच झोपली, अख्खी इमारत तिला शोधतेय, आणि भावजी त्याच कपाटाला टेकून रडतायत. सांगता सांगता ती अशी हसली की घसा दुखतोय हेही विसरली. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ती घरी आली ती गळ्यात नळी घेऊन. जरा बसायला लागली तेव्हा लेक आली आणि म्हणाली, "बाबा, लावा ना ते."

भावजींनी लावलं. गोष्ट ऐकू आली, अगदी स्वच्छ. मग हसणं आलं. पण ते तिचं नव्हतंच. बोलणं जेवढं, हसणंही तेवढंच, उशीत तोंड खुपसून हसावं तसं. उलट मधे मधे तिने घेतलेला दुखरा श्वास मात्र केवढा मोठा येत होता!

"बाबा, आई हसताना आवाज का दाबलाय?"

भावजींचा चेहरा पांढराफटक पडला. मला तेव्हाच कळलं. त्यांनी ऑफिसातल्यासारखं सगळं समपातळीत आणून ठेवलं होतं.

"मग मूळचं लावा," मी म्हणाले.

"मूळचं नाहीये, ताई. आमच्याकडे दोन प्रती ठेवत नाहीत. नाहीतर चुकीचीच टीव्हीवर लागते. काम झालं की पहिली पुसायची. हात आपोआप..."

माझं डोकंच फिरलं. "अहो, ही काय जाहिरात होती? कान कुठे गेले होते तुमचे?"

"मी ऐकलंच नाही," ते म्हणाले. "ऐकवत नव्हतं. मी नुसता काट्याकडे बघत होतो."

माझा राग जागच्या जागी विरला, आणि राग गेला तेव्हा तर फारच वाईट वाटलं.

बहीण खाली मान घालून बसली होती. तिचे खांदे हलायला लागले. नळीतून नुसती हवा जात होती. हसतेय की रडतेय, काही कळेना. लेक माझ्याकडे बघत होती, मी भावजींकडे.

भावजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "हसतेयस ना गं?" त्यांनी विचारलं. "अगं, सांग ना, हसतेयस ना?"

त्यांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा वर केला, बराच वेळ बघितला, आणि आम्हा दोघींना बाहेर जायला सांगितलं.