हंकाकांची खोड

औषधांच्या गोदामात बावीस वर्षं माल काढणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकात होतं. बाकी सगळ्यांचे ते हंकाका. समोरचा बोलू लागला की दर चार शब्दांना ते ‘हं’ म्हणत. लोक त्यांना हसत, आणि मन मोकळं करायला त्यांच्याकडेच येत.

मग कानात बसणारं यंत्र आलं. कागदाची यादी गेली. यंत्रातली बाई सांगायची, “रांग सात, खण बारा...”

“हं,” हंकाका म्हणायचे.

बाई थबकायची. “समजलं नाही. पुन्हा सांगा.”

आता काय सांगणार, कपाळ? बोलत तर तीच होती. ती परत पहिल्यापासून सुरू करायची. एका खोक्याला तीन-तीन वेळा.

सुपरवायझरने बोलावलं. “काका, तुम्ही हं केलंत की तिला वाटतं, उत्तर आलं. तिचं संपेपर्यंत गप्प राहायचं.”

“अहो, पण मग मी ऐकतोय हे तिला कळणार कसं?”

“तिचं काही अडलेलं नाही. आठ दिवस देतो. नाही जमलं तर घरी बसा. जित्याची खोड म्हणतात ती हीच.”

हंकाकांनी जुन्या सदऱ्याचं बटण तोडलं आणि दातांत धरलं. हं आला की बटण दाबायचं. जित्याची खोड आठव्या दिवशी गेली. माणूस जिताच होता. नोकरीही राहिली.

बायकोला ओट्याशी पाठमोरी उभी राहून बोलायची सवय. मागून हं आला की पुढचं वाक्य. त्या संध्याकाळी ती म्हणाली, “आज दवाखान्यात गेले होते.”

आणि थांबली.

तिचं संपायची वाट बघत हंकाकाही थांबले. नळ वाहत राहिला.

ती वळली. “अहो, ऐकताय ना?”

“ऐकतोय की. तुझं होऊ दे.”

“झालं माझं.”

पुढे पंधरा दिवस ती भाजी, दूध, वीजबिल एवढंच बोलली. मग लेकीचा फोन आला.

“बाबा, सोमवारी आईचं ऑपरेशन. गाठ मोठी आहे म्हणाले. तुम्ही रजा टाकलीत ना?”

हंकाकांचे दात घट्ट मिटले. बटण नव्हतं, तरी मिटले.

“बाबा? हॅलो? आहात ना?”

बायकोने ओले हात पुसले आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.

“आहेत गं. तू बोल. हं मी म्हणते.”