देव्हाऱ्यातला ब्लॉक

बाबांच्या मानेवरची गाठ आधी आईच्या हाताला लागली, त्यांच्या डोक्याला तेल चोळताना. बाबा बसवर कंडक्टर. "दुखत नाय तर बघायचं कशाला?" हे त्यांचं वैद्यकशास्त्र. गाठ खरंच दुखत नव्हती. पण संध्याकाळी अंगात कणकण यायला लागली आणि खाकी शर्ट अंगावर लोंबायला लागला, तेव्हा मी त्यांना अक्षरशः ओढत जवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे जाड सुईने गाठीचा बारीकसा तुकडा काढला. रिपोर्ट आला, त्यात लिहिलं होतं की मोठ्या, विचित्र आकाराच्या पेशी दिसतात, दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरचा संशय आहे, पुढील तपासणी करावी.

संशय! स्पष्ट सांगते, हा शब्द वाचून मला रडू आलं नाही, संताप आला. नायगावच्या आमच्या चाळींच्या पुनर्विकासासाठी मी भाडेकरूंची पत्रकं लिहिते, सभा घेते, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवते. 'विचाराधीन', 'प्रस्तावित', 'तत्त्वतः मान्य' असल्या शब्दांची मला ॲलर्जी आहे. माणसाचं आयुष्य टांगणीला लावायचं आणि वर एक पोकळ शब्द ठेवून द्यायचा, ही रीत मला इथेही दिसली. डॉक्टर म्हणाले, "पसरलेला असेल तर मूळ शोधावं लागेल. मनाची तयारी ठेवा." मी विचारलं, "कसली तयारी? कशाची ते तर सांगा!" त्यांनी रिपोर्ट घडी घालून माझ्या हातात दिला. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, ते देत नाहीयेत.

आईचं म्हणणं वेगळंच. गावी जाऊन रवळनाथाचा कौल घ्यायचा. आमच्याकडे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. कुठली बाजू पडते, कुठली चिकटून राहते, त्यावरून देवाचं उत्तर समजतं. मी भडकले. "तुझा देव एवढा जाणता आहे तर गाठ आली तेव्हा कुठे होता?" आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तू त्याका पत्रक काढून विचार." बाबा खाटेवर पडल्या पडल्या हसले आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. त्या खोकल्याने माझी मात्र पाचावर धारण बसली. देव आहे की नाही हा माझा प्रश्न नव्हताच. माझा प्रश्न होता, बाबा राहतील की नाही.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं ठरलं. तिथे सांगितलं, "नुसता रिपोर्ट नको. स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या." तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की शरीरातून काढलेला तुकडा फेकून देत नाहीत. त्यावर प्रक्रिया करून तो मेणात मुरवतात, मेणाच्या छोट्या चौकोनी वडीत बसवतात. तोच ब्लॉक. त्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर घेतात, रंगवतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट ते मायक्रोस्कोपखाली वाचतात. आपल्याला वाटतं पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवीची लॅब. तसं नाही. गाठ कॅन्सरची आहे का, असली तर कुठल्या जातीची, हे तिथे ठरतं, आणि औषध त्या जातीवर ठरतं. नाव चुकलं तर पुढचं सगळंच चुकलं.

नर्सिंग होममध्ये "उद्या या" सुरू झालं तेव्हा माझा आवाज चढला. "देत नाही असं लेखी द्या!" लेखी मागितलं की वस्तू सापडते, हा माझा जुना अनुभव. प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार खोक्यावर बसवलेली मेणाची वडी आणि दोन काचा हातात आल्या. मेणात एक फिकट दोऱ्याएवढा तुकडा. तो बाबांचा होता. मी तिथूनच घरी फोन लावला आणि ओरडले, "आई, ब्लॉक मिळाला!"

आईचा फोन कायम स्पीकरवर. ती गॅलरीत होती. पलीकडच्या सावंतकाकींनी ऐकलं आणि बोंब ठोकली, "अगो, ह्यांका ब्लॉक मिळालो! कितव्या माळ्यावर?" पुनर्विकासाच्या चाळीत ब्लॉक म्हणजे नवा फ्लॅट, या शब्दाला दुसरा अर्थच नाही. मी घरी पोचेपर्यंत अख्ख्या मजल्यावर बातमी गेली होती. एकाने तर विचारलं, "पत्रकं तू आमच्यासाठी काढतेस आणि चावी आधी तुला कशी?" मी काय सांगणार? पिशवीतली वडी दाखवली, आत बाबांच्या गाठीचा तुकडा आहे म्हटलं. काकींनी तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेल्या. जरा वेळाने त्या परत आल्या, सोलकढीचा तांब्या घेऊन.

मी ब्लॉक आईच्या हातात दिला आणि उद्याच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली उतरले. एवढंच केलं मी.

आमच्या घरात पगार असो, मार्कशीट असो, नवी साडी असो, घरात आलेली वस्तू आधी देवापुढे जाते. आईने दिवेलागणीला ब्लॉक पिशवीतून काढला आणि देव्हाऱ्याच्या वरच्या पायरीवर, रवळनाथाच्या फोटोच्या पायाशी ठेवला. खालच्या पायरीवर नेहमीचं निरांजन. मग ती डोळे मिटून बसली. मी परत आले तेव्हा ती तशीच बसलेली, आणि वरच्या पायरीवरून मेणाचा एक ओघळ खाली येऊन पितळी तबकात गोठत होता.

मी किंचाळले. ब्लॉक उचलला तर एका अंगाने वडी ढासळलेली, आणि तो दोऱ्याएवढा तुकडा जागेवरून सरकून तिरका झालेला. "आई, मेण आहे ते! मेण!" आईने डोळे उघडले. मग म्हणाली, "माका वाटला, प्लास्टिकच आसा ता." आयुष्यभर मी कुणाला ना कुणाला जबाबदार धरत आले, बिल्डरला, साहेबाला, नगरसेवकाला. आणि आता ज्याच्यावर आवाज चढवावा असं समोर कुणीच नव्हतं. एक आई होती, जिने तिच्याजवळची सगळ्यांत मोलाची वस्तू तिला ठाऊक असलेल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली होती.

मी ब्लॉक थंड वाटीत ठेवला. बाबा म्हणाले, "माझा तुकडा देवापेक्षा जास्त तापला म्हणायचा." तेव्हा मी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि हात न जोडताच म्हटलं, आता माझ्याकडे मागणी नाही, घोषणा नाही, कुणाच्या दारात जाऊन बसू तेही कळत नाही. तूच बघ. यालाच शरण जाणं म्हणत असतील तर मी शरण गेले ती अशी, वैतागून.

दुसऱ्या दिवशी परळला खिडकीवरच्या बाईंनी ब्लॉक बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "हे असं कसं झालं?" माझ्या जिभेवर एक खोटं तयार होतं, नर्सिंग होमनेच असा दिला म्हणून. सोपं होतं, आणि लोकांना ते पटलंही असतं. पण मागे बाकावर आई बसली होती, बाबांच्या पाठीवर हात ठेवून. मी म्हटलं, "देवापुढे ठेवला होता. खाली दिवा होता." त्या आत गेल्या. मी थांबले. एवढा वेळ गप्प मी कुठल्याच सरकारी ऑफिसात बसले नसेन.

आतून एक मध्यमवयीन डॉक्टर बाहेर आल्या. पॅथॉलॉजिस्ट सहसा पेशंटसमोर येत नाहीत. पडद्यामागे बसून ते आपल्याबद्दल सगळं जाणतात आणि आपल्याला त्यांचं नावही ठाऊक नसतं. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्यांनी विचारलं, "निरांजन वातीचं होतं की फुलवातीचं?"

"फुलवात. तुपातली."

"तरीच. तिची ज्योत लहान, म्हणून एवढ्यावर निभावलं." त्या हसल्या. "आमच्या घरी बुद्धवंदनेला मेणबत्त्या लावतात. मेण कसं वितळतं ते मला लहानपणापासून माहीत आहे. घाबरू नका. तुकड्याच्या आतपर्यंत मेण मुरलेलं असतं, वरचं वितळलं म्हणून त्याचं काही जात नाही. सगळं वितळवून पुन्हा नव्या मेणात बसवू." मग त्या बाकाजवळ आल्या आणि आईला म्हणाल्या, "मावशी, इथे रोज मेण वितळवायचंच काम चालतं. रडू नका." आईने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांनीही तो काढून घेतला नाही.

काही दिवसांनी त्यांनी मला आत बोलावलं. मायक्रोस्कोपला समोरासमोर दोन नळ्या होत्या, एकीत त्या बघत होत्या, दुसरीत मी. जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांच्या गर्दीत एक मोठी पेशी होती, तिच्यात जोडीने दोन गोल, घुबडाच्या डोळ्यांसारखे, थेट माझ्याकडे रोखलेले. "ह्या पेशी मोजक्याच असतात," त्या म्हणाल्या. "गर्दीत एखादी इथे, एखादी तिथे. आधीच्या काचांवर त्या नीट आल्याच नव्हत्या. त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांनी संशय लिहिला ते बरोबर लिहिलं. जे दिसलं नाही ते छातीठोक लिहिणं हा गुन्हा झाला असता." मी मान खाली घातली. ज्या शब्दावर मी एवढी पेटले होते, तो प्रामाणिकपणाचा शब्द निघाला.

मग त्यांनी खास रंगांच्या काचा दाखवल्या. विशिष्ट जातीच्या पेशीलाच हे रंग धरतात, नाहीतर धुऊन जातात. पसरलेल्या ज्या कॅन्सरचा संशय होता, त्याला धरणारा रंग ह्या मोठ्या पेशींवर टिकला नव्हता, काच जवळजवळ फिकी. दुसरा रंग मात्र त्यांना घट्ट धरून बसला होता, तपकिरी, अगदी विड्याच्या कातासारखा. "हा लिम्फोमा आहे," त्या म्हणाल्या, "लसिकाग्रंथींचा कॅन्सर. कुठूनही पसरलेला नाही, इथलाच आहे. आणि त्यातही औषधांना चांगली दाद देणारा प्रकार. ऑपरेशनची गरज दिसत नाही. किमो सोपी नसते, पण बहुतेक लोक यातून बरे होतात."

मला बसायला स्टूल दिलं त्यांनी.

सावरल्यावर मी विचारलं, आधी न दिसलेल्या पेशी आता कशा दिसल्या? त्यांनी चष्मा काढला. "पुन्हा मेणात बसवताना तुकडा पालथा बसला. आधी ज्या बाजूने काप घेतले होते ती खाली गेली, न कापलेली वर आली. त्या बाजूला ह्या पेशी होत्या." पुढे म्हणाल्या, "तसे मी खोल काप घेतलेच असते. बहुधा सापडल्याही असत्या. तुकडा फार बारीक होता, त्याआधी संपला असता की नाही, ते मी सांगू शकत नाही." मग एकदम म्हणाल्या, "आणि हे तुमच्या आईला सांगू नका हं. नाहीतर उद्या बाकावरचे सगळे आपापले ब्लॉक निरांजनावर ठेवतील!"

मी आईला सांगितलंच. दोन रंगांचंही सांगितलं, एक चिकटला, एक निघून गेला. आई शांतपणे म्हणाली, "मग कौलच तो. एक पाकळी रवली, एक पडली. देव परळाक बसलो, म्हणून गावाक जावक लागला नाय." घुबडाच्या डोळ्यांचं ऐकून म्हणाली, "लक्ष्मीचा वाहन ता, नावं ठेवू नको." मी वाद घातला नाही. माझ्याजवळ मुद्दे होते. पण बाबा पहिल्यांदाच भाताची दुसरी मूद मागत होते आणि मला ती वाढायची होती.

किमोचे महिने कठीण गेले. बाबांचे केस गेले, तोंडाची चव गेली, सोलकढीसुद्धा कडू लागायची. काकींचा तांब्या तरीही येत राहिला. शेवटच्या स्कॅननंतर डॉक्टर म्हणाले की आता कुठे काही दिसत नाही, तपासणीला मात्र येत राहा. बाबा पुन्हा ड्युटीवर आहेत आणि सुट्ट्या पैशांवरून पूर्वीसारखेच भांडतात.

हा अनुभव लिहिताना मला काही सिद्ध करायचं नाही. उलट हात जोडून सांगते, ब्लॉक दिव्याजवळ कधीही ठेवू नका, आणि रिपोर्टवर संशय लिहिला असेल तर कौलाआधी तज्ज्ञाकडे न्या. लेखी मागा, भांडा, तो तुमचा हक्क आहे. मी अजूनही भांडते. पण भांडून ब्लॉक मिळतो, ब्लॉकच्या आतलं मिळत नाही. ते कुणाच्या तरी हाती सोपवावं लागतं आणि खरं सांगून सोपवावं लागतं. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं असं मला वाटायचं. खिडकीवर खोटं गिळून खरं बोलले, त्या क्षणी बहुधा मी देवाच्या सगळ्यांत जवळ उभी होते, आणि मला वाटत होतं मी रांगेत उभी आहे. आईची ती फुलवात, त्या डॉक्टरांचे डोळे, संशयाला संशयच म्हणणारा तो पहिला अनोळखी डॉक्टर, या सगळ्यांचं ऋण माझ्यावर आहे. कुणाचं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. काढायचंही नाही.

परवा हॉस्पिटलातून ब्लॉक परत मिळाला. घरी आल्यावर या वेळी मीच तो देवापुढे ठेवला आणि आईला म्हटलं, "आज दिवा लावू नकोस."

"दिवो लावचो नाय तर ठेवलंस कित्याक?" आई म्हणाली. तिने निरांजन उचललं, देव्हाऱ्यातून बाहेर काढलं, पार उंबऱ्याजवळ नेऊन ठेवलं आणि तिथे पेटवलं. मग ती माझ्या बाजूला येऊन बसली. या वेळी मी हात जोडले.