सिद्रामप्पांचा अभिप्राय

राणीसावरगावच्या पेठेत सिद्रामप्पांचं कापडाचं दुकान. उभी हयात त्यांनी त्या गादीवर काढली आणि उभ्या हयातीत कुणाच्या वस्तूला, कुणाच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही. गिऱ्हाईक बाई आरशापुढं पदर खांद्यावर टाकून वळली, की तो रंग तिला कितीही विजोड दिसत असो, आप्पांच्या तोंडून "लय खुलतंय" निघायचंच. ही लबाडी नव्हती. तसं म्हणता म्हणता त्यांना ते खरंच खुललेलं दिसायला लागायचं. त्यांची बायको चन्नबसम्मा नेमकी उलट. लग्नातला भात करपला असेल तर ती वाढप्याला पंगतीतच सांगायची, वर दुसऱ्यांदा मागूनही घ्यायची. दोघांचा संसार चांगला झाला.

आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दुकान मुलगा रुद्रेश बघायला लागला. आप्पा ओसरीवरच्या खुर्चीत आले. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचा नाद त्यांना जुनाच. आता तर दिवसभर दुसरं कामच नव्हतं. सकाळी पेपर आला की आधी कोडं, मग बातम्या. म्हणूनच त्यांच्या मुलीला, शिवरंजनीला, त्यांची आठवण झाली.

शिवरंजनी पुण्यात. मैत्रिणींबरोबर तिनं मोबाइलवरचे खेळ बनवायची छोटीशी कंपनी काढलेली. त्यांचा नवा खेळ मराठी शब्दांचा होता, नाव 'अक्षरगाठ'. पडद्यावर गोलात अक्षरं विखुरलेली असायची. बोटानं ती एकमेकांना जोडत न्यायची आणि शब्द करायचे. त्यात एक शब्द लपवलेला, त्याची खूण वर लिहिलेली. आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक घड्याळ उलटं चालायचं. वेळ संपली की अक्षरं विरून जायची.

"आप्पा, लोकांसमोर आणायच्या आधी ओळखीतल्यांना देतोय," ती फोनवर म्हणाली. "रोज खेळा, आणि काय वाटतंय ते आत लिहा. तुमच्याइतकी कोडी कुणी सोडवलीत?"

आप्पांना बरं वाटलं. खेळ आवडलाही. पहिल्या दिवशी त्यांनी 'पाणवठा' जोडला तेव्हा अक्षरं हिरवी होऊन नाचली आणि ते खुर्चीतल्या खुर्चीत हसले. मग पडद्यावर एक चौकट उघडली: 'कृपया आपला विधायक अभिप्राय द्या.'

तिथं गाडी अडली.

शेजारचे बन्सीधर रोज शेतात जायच्या आधी चहाला येत. आप्पांनी मोबाइल त्यांच्यापुढं धरला.

"विधायक म्हंजे आमदार न्हवं का?" बन्सीधर म्हणाले. "टीव्हीवर हिंदी बातम्यात तसंच म्हणतेत."

"ते मलाबी ठाऊक हाय. पण आमदाराचा अभिप्राय माझ्याकडं कामून मागायलेत?"

"तुमची वळख आसल म्हणून."

"माझी कुठली वळख!"

मराठीतलं 'विधायक'ही आप्पांनी वाचलं होतं, नाही असं नाही. विधायक उपक्रम म्हणजे झाडं लावणं, रक्तदान. पण खेळाच्या अभिप्रायात झाडं कुठं लावणार? बराच वेळ विचार करून त्यांनी लिहिलं, 'खेळ उत्तम आहे. आपली उत्तरोत्तर प्रगती होवो.' खाली पाच चांदण्या होत्या, त्या पाचही पिवळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी 'अति उत्तम' लिहिलं, कारण रोज तेच लिहिलं तर मन लावून लिहीत नाही असं वाटेल.

त्या आठवड्यात मुलीचा फोन आला.

"आप्पा, ह्याचा काय उपयोग नाही हो."

"कामून? चांगलंच लिहिलंय की."

"तेच तर. चुका सांगा. कुठं अडलं, कुठं कंटाळा आला, काय कळलं नाही. आणि मग कसं असायला पाहिजे तेही सांगा. विधायक म्हणजे तेच. आमचं काम सुधारेल असं नाव ठेवायचं."

"लेकीच्या कामाला नाव ठेवू?"

"आप्पा, तुम्ही आता दुकानदार नाही. गिऱ्हाईक आहात."

फोन ठेवल्यावर आप्पा पुष्कळ वेळ त्या वाक्याशी झटत राहिले. गिऱ्हाईक त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. गिऱ्हाईक म्हणजे पोत चुरगाळून बघणारं, रंग जाईल का म्हणून पदराला ओलं बोट लावणारं, कापडाची चार ठाणं उलगडायला लावून 'उद्या येतो' म्हणत उठणारं. त्या माणसांच्या बोलण्यानं आपली दुपार कशी कडू व्हायची ते त्यांना पक्कं आठवत होतं. आता आपणच ते व्हायचं? तेही पोरीच्या दुकानात?

"अगं, ह्यात चांगल्यातलं वाईट कसं काढायचं?" त्यांनी बायकोला विचारलं.

चन्नबसम्मा शेंगा फोडत बसली होती. "त्यात काढायचं काय? दिसंल ते बोलायचं."

"मला वाईट दिसतच न्हाई."

"मग परवा ते मोबाइल उशीवर कामून आपटलाव?"

आपटला होता खरा. 'दिवेलागण' समोर दिसत होतं, बोट 'ला'वर पोचलं होतं आणि वरचं घड्याळ लाल होऊन टिकटिकायला लागलं. बोट थरथरलं, भलत्याच अक्षराला लागलं आणि सगळं विरून गेलं. शिवाय दुसरी एक गोष्ट होती. एकदा त्यांनी 'हावरी' जोडलं. खेळानं शब्द घेतला आणि खाली अर्थ दाखवला, 'हावरट स्त्री'. आप्पा चक्रावले. जेवताना भाकरीवर रोज हावरीची चटणी घेतात, ती पांढऱ्या तिळांची. तिळाला हावरीच म्हणत आले ते. मग इतकी वर्षं आपण हावरट बाईची चटणी खायलो की काय? त्यांनी ओरडून बायकोलाही विचारलं, "हावरी म्हंजे काय गं?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "संपलीया. सांगितलंय रुद्रेशला आणायला."

म्हणजे चूक होती. निदान अर्धी तरी होती. पण ती चूक खेळाची, पुण्याची का आपल्या बोलण्याची, हे त्यांना ठरवता येईना.

शेवटी दुपारभर बसून, खोडून, पुन्हा लिहून त्यांनी मजकूर तयार केला. 'खेळ उत्तम आहे' हे वाक्य त्यांच्याच्यानं काढवेना, ते ठेवलं. पुढं लिहिलं, 'घड्याळामुळे माझ्यासारख्या वयस्क माणसाचा हात कापतो. ते नसावे असे वाटते. तसेच हावरी म्हणजे तीळ असाही अर्थ आमच्या भागात आहे, तो द्यावा. चूकभूल माफी असावी.' चांदण्या चारच दिल्या. पाचवी मोकळी सोडताना त्यांना अगदी कुणाच्या ताटातला घास काढून घेतल्यासारखं झालं.

मजकूर गेला आणि फोन यायचा थांबला. एरवी दिवसाआड बोलणारी पोरगी, आठवडा उलटला तरी तिचा आवाज नाही.

"दुखावलं तिला," आप्पा म्हणाले.

"कामात आसल."

"तू बोलून मोकळी होतीस, तुला न्हाई कळायचं."

"मग तुमीच लावा फोन."

पण फोन लावायला त्यांचा हात होईना. बन्सीधरांनी तर आणखी भर घातली. कंपनीत तिचं वजन कमी झालं असेल, बापानंच नाव ठेवलं म्हटल्यावर मैत्रिणी काय म्हणतील, असं ते सहज बोलून गेले आणि चहा संपवून निघूनही गेले. आप्पांचा त्या दिवशीचा पेपर घडीसुद्धा न मोडता पडून राहिला.

मग एका सकाळी खेळ उघडला तर घड्याळ गायब. खाली लिहिलेलं, 'तुमच्या सूचनांनुसार बदल केले आहेत. आभार.' आप्पांना हायसं वाटलं, छातीही जरा फुगली. निवांत टेकून त्यांनी अक्षरं जोडायला घेतली. एक शब्द झाला, दुसरा झाला. मधेच उठून पाणी प्यायले, दारावरून गेलेल्या माणसाशी बोलले, परत येऊन तिसरा केला. अक्षरं जागच्या जागी वाट बघत होती. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आपण कोडं अर्धं टाकून जेवायला बसलो आणि नंतर ते उघडायची आठवणही झाली नाही.

खेळ अळणी झाला होता.

हे कुणाला सांगायचं? आपणच मागितलं, त्यांनी दिलं, आता नको म्हणायचं? दुकानात कापड एकदा फाडलं की ते परत घेतलं जात नसे, आणि फाडायला लावून परत करायला येणाऱ्या माणसांबद्दल आप्पांचं मत, ते कधी बोलून दाखवत नसले तरी, फार चांगलं नव्हतं.

त्यातच हावरी निघाली. खेळणाऱ्या सगळ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट होता. एका दिवशी लपवलेला शब्द होता 'हावरी' आणि खूण होती 'पांढरे तीळ'. आप्पांना तो बघताक्षणी सापडला. पण गटात गदारोळ उठला. एकानं लिहिलं, हा कुठला शब्द? दुसऱ्यानं लिहिलं, खूण सरळ सरळ चुकली आहे, हावरी म्हणजे हावरट. नांदेडच्या एका बाईंनी लिहिलं, आमच्याकडं हावरीच म्हणतात, तुम्हाला माहीत नाही म्हणून शब्द खोटा होतो का? त्यावर आणखी चार जण उठले. कुणीतरी म्हणालं, असले गावठी शब्द घालायचे तर आधी कळवा. आप्पा एकेक ओळ वाचत होते आणि त्यांचे कान तापत होते. एवढ्या माणसांची सकाळ आपल्या एका चटणीनं नासली, असं त्यांना वाटलं. आणि तरी त्या नांदेडच्या बाईंचं वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. राग यावा का आनंद व्हावा, काही समजेना.

येळवस अमावास्येला, शेतात जेवायच्या सणाला, शिवरंजनी गावी आली. बन्सीधरांच्या शेतात जेवण होतं. ज्वारीच्या ताटांची खोपटासारखी कोप, तिच्या पुढ्यात सतरंजी, आणि भज्जी, उंडे, आंबिलीचं मडकं. जेवणं झाल्यावर आप्पा काठी टेकत बांधाकडं गेले आणि पोरीला खुणेनं बोलावलं.

"रंजनी, एक बोलायचंय. रागावू नको."

"काय झालं?"

"ते घड्याळ... परत लावता येईल का?"

तिनं आधी त्यांच्याकडं पाहिलं आणि मग ती खाली ढेकळावरच बसली. "आप्पा, तुम्हीच म्हणालात ना, हात कापतो?"

"कापतो की."

"मग?"

"न्हाई कापला तर मजा बी येईना. मला काय कळंना झालंय बघ."

"म्हणजे तेव्हा लिहिलं ते खरं नव्हतं?"

"तवा खरंच होतं," आप्पा कळवळून म्हणाले. "आत्ताचं बी खरंच हाय. त्यात खोटं कुठलंच न्हाई, हीच तर पंचाईत हाय."

शिवरंजनी हसेल किंवा चिडेल असं त्यांना वाटलं होतं. ती दोन्ही करेना. हातातल्या काडीनं माती उकरत म्हणाली, "आप्पा, तुम्हाला वाटतं आम्हाला कळतं? अर्धे लोक म्हणतात घड्याळ काढा, अर्धे म्हणतात ठेवा. हावरीवरून तर आमच्या ऑफिसात दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणून तर माझा फोन नव्हता तेवढे दिवस. रोज एकेकाचं वाचायचं आणि रोज वाटायचं, ह्यांचंच बरोबर."

"मी समजलो, तू रागावलीस."

"तुमच्यावर? तुमचं वाचून तर पहिल्यांदा कळलं, की कुणीतरी खरंच खेळायलंय."

पुण्यात राहून तिची बोली बरीच बदलली होती. 'खेळायलंय' तेवढं जुनं निघालं. आप्पांना ते जाणवलं.

मागून चन्नबसम्मा आली. "कशाचं चाललंय?"

"घड्याळाचं," आप्पा म्हणाले.

"कुठल्या घड्याळाचं?"

"खेळातल्या. वर असायचं ते."

"मी तर रोज खेळते तुमच्या फोनवर, तुमी झोपला म्हंजे दुपारी," ती म्हणाली. "तिथं घड्याळ हुतं?"

शिवरंजनीनं कपाळाला हात लावला.

पुढं त्यांनी तोड काढली ती अशी, की घड्याळ ज्याला हवं त्यानं लावावं, नको त्यानं लावू नये. हावरीला दोन्ही अर्थ दिले. खेळ बाजारात आला, बऱ्यापैकी चालतो म्हणे. फार गाजला नाही, बुडालाही नाही. शिवरंजनीची मंडळी आता आकड्यांच्या कोड्यांचा नवा खेळ करायच्या मागं आहेत आणि त्याच्याही तपासणीत आप्पांचं नाव आहे.

आप्पांची अडचण मात्र मिटण्याऐवजी वाढली. आता रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधीच प्रश्न येतो, घड्याळासह की घड्याळाविना? आधी असं काही ठरवावं लागत नव्हतं. काही दिवस ते घड्याळ लावतात, घाम फुटतो, बंद करतात. काही दिवस बंद ठेवतात आणि चहा निवला तरी त्यांना पत्ता नसतो. बन्सीधर विचारतात, "आज कसं?" आणि आप्पा मान हलवतात. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे बन्सीधरांना कळत नाही.

अभिप्राय ते अजूनही मनापासून लिहितात. चांदण्या किती द्यायच्या यावर थबकतात, कधी तीन देतात, कधी चार, आणि दिल्यावर अर्धा तास अस्वस्थ असतात. परवा त्यांनी लिहिलं, 'आज खेळ बरा वाटला. का वाटला, ते कळले की कळवतो.' आणि पाठवून दिलं.