'म्हणे' कुठे लावायचं

दर रविवारी लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. सगळे ज्यांना काका म्हणतात ते शिकवतात, मी मदत करते. म्हणजे खुर्च्या मांडते, वह्या बघते आणि शक्यतो बोलत नाही. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालं. घाबरले की माझ्या वाक्यांतली लिंगं बदलतात. मी लंडनला आले तेव्हा एजवेअरमधली खोली मला काकांनीच शोधून दिली होती. त्यांना दुखावलं तर मराठीत बोलायला मला इथे कुणी उरणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

त्या रविवारी काका 'म्हणे' शिकवत होते. "आपण पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलंय, खात्री नाही, तेव्हा म्हणे लावायचं. त्या घरात भूत आहे म्हणे." मुलं खूश झाली. मग त्यांनी बोर्डावर दुसरं वाक्य लिहिलं: हिटलरने साठ लाख ज्यू मारले म्हणे.

पुढच्या रांगेतली मुलगी म्हणाली, "काका, पण ते खरं आहे. आम्ही स्कूलमध्ये केली ते."

"केलं," काकांनी सुधारलं. "स्कूलमध्ये इंग्रजांनी लिहिलेला इतिहास शिकवतात, बाळा. आपल्याबद्दल त्यांनी काय काय लिहून ठेवलंय! मग हे तरी कशावरून खरं?"

बाकीची मुलं वाक्य उतरवून घेत होती. ती मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती.

इंग्रजांवरचा काकांचा राग मला कळत होता. पण मी जिथे राहते त्या घरातल्या ज्यू आजींचं नाव त्यांच्या मावशीवरून ठेवलंय, कारण ती मावशी नाझींच्या छावणीतून परत आली नाही. आजींचा नातू बसमध्ये चढण्याआधी डोक्यावरची ज्यूंची छोटी गोल टोपी काढून बॅगेत टाकतो. का, असं मी एकदा विचारलं. "हल्ली काढतो," एवढंच म्हणाला तो, हवामानाबद्दल बोलावं तसं.

"काका, तिथे म्हणे येत नाही," मी म्हणाले.

"अगं, आता तू मला व्याकरण शिकवणार? इंग्लिश मीडियम!" काका हसले. मुलंही हसली.

"खात्री नसेल तेव्हा लावायचं, असं तुम्हीच सांगितलंत. इथे खात्री आहे. माझ्या घरमालकीण आजींच्या मावशीला मारला."

"मारलं," पुढची मुलगी हळूच म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही.

माझ्यासोबत खोली बघायला आले होते तेव्हा काकांनी त्याच आजींच्या हातचा चहा घेतला होता. परत जाताना मला म्हणाले होते, "निर्धास्त राहा, आईसारख्या आहेत." आता ते बोर्डाकडे वळले. "बरं, राहू दे. दुसरं उदाहरण घेऊ." त्यांनी डस्टर उचलला.

तिथेच थांबता आलं असतं मला.

"वाक्य राहू द्या, काका. फक्त म्हणे पुसा."

मग त्यांनी शेवटचा शब्द पुसला आणि 'मारले'पुढे पूर्णविराम दिला. मुलांनी खोडरबर काढले.

वर्ग संपल्यावर मी खुर्च्या रचत होते, तेव्हा काका जवळ आले. आता मला बोलणी बसणार असं वाटलं.

"त्यांची मावशी," ते म्हणाले, "गाव कुठलं त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. इतके महिने त्या घरात राहून मी कधी विचारलंच नव्हतं, आणि इथे काकांनी गाव विचारलं नाही असा माणूस मी पाहिलेला नाही.

संध्याकाळी आजींनी मावशीच्या गावाचं नाव सांगितलं. मला ते नीट म्हणता येईना. काकांना फोन केला.

"थांब, लिहून घेतो," ते म्हणाले. "पहिलं अक्षर च की छ? नीट सांग, पुढच्या रविवारी मुलांपर्यंत चुकीचं जायला नको."

आजी शेजारीच बसल्या होत्या. मी फोन त्यांच्या हातात दिला.