उष्टी काडी

नव्वदच्या दशकात मी लंडनच्या पिनर उपनगरातून ग्लासगोला शिकायला गेले. युनिव्हर्सिटीमागच्या गल्लीत माझ्या कोरियन मैत्रिणीची मोठी बहीण दर शनिवारी खाण्याची गाडी लावायची आणि मैत्रीण तिच्या हाताखाली असायची. विद्यार्थ्यांना परवडेल असं गरम काहीतरी मिळायचं, म्हणून तिथे ही गर्दी. मला मात्र त्या गाडीची शिसारी यायची. लाल रश्श्यात तांदळाच्या पिठाच्या जाड कांड्या रटरटत असायच्या आणि खाताना खळीसारख्या दाताला चिकटायच्या. शेजारच्या पातेल्यात माशाच्या वड्यांच्या पट्ट्या, घड्या घालून काडीला टोचलेल्या. आणि सॉसची वाटी सगळ्यांत मिळून एकच! येईल तो चावलेलं टोक पुन्हा तिच्यातच बुडवायचा. आमच्या घरी उष्टा चमचा आमटीत गेला, तर आई अख्खी आमटी सिंकमध्ये ओतायची.

तरी मी जायचे, कारण त्या शहरात मला ती एकच मैत्रीण होती.

एका शनिवारी तिने काडीवरची पट्टी अर्धी खाल्ली आणि उरलेली लाडाने माझ्या तोंडात कोंबली. तिने चावलेली कड माझ्या जिभेला लागली. मी गाडीमागे धावले, थुंकले आणि खळाखळा चुळा भरल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशा. वळून बघते तर ती मागे उभी. तुझं उष्टं होतं, असं तोंडावर कसं सांगणार? मी म्हटलं, आमच्या धर्मात मासे चालत नाहीत.

तिचा चेहरा एवढासा झाला. तिने दहादा माफी मागितली. पुढच्या शनिवारपासून माझ्यासाठी वेगळं छोटं पातेलं, वेगळा चिमटा, मासा न घातलेला रस्सा. म्हणजे आता दर आठवड्याला वाडगाभर लाल कांड्या गिळणं आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगते कोणाला?

परीक्षेआधी आई भेटायला आली. मैत्रिणीने तिच्यासाठीही माझंच पातेलं चढवलं. आईने मात्र शेजारच्या पातेल्यावर वाकून वास घेतला.

"हे फिश आहे ना? मग मला हेच दे," ती खूश होऊन म्हणाली. "माशाशिवाय आमच्या घरात कोणी जेवत नाही. हिला तर दोन्ही वेळा बांगडा लागतो."

मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आईला एक काडी दिली, माझं पातेलं उतरवलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुला माझी किळस आली होती?"

तोवर मला त्या गाडीवरच्या सगळ्याची किळस आली होती; त्या क्षणी स्वतःची आली. तरी मला नाही म्हणवेना. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.